नव्या भातात हात

मयूरी मॅडमनी माझी इको गाडी दर गुरुवारसाठी ठरवली तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "सामान काय असेल?"

"एक मोठा बॉल, टांगायची झोळी, फळ्या, पराती, थोडी खेळणी."

"सर्कस आहे का?"

मॅडम हसल्या. त्यांचा नवरा जतीनभाई हसला नाही. त्यानं गाडीच्या टायरला बुटाची टोच मारून बघितली, बैलाचे दात बघावेत तशी.

डहाणूत यांची चिकूची वाडी आहे, वरोरच्या वाटेला. सासरा गोविंदराव, नाव घेतलं की दुकानदार खुर्ची पुसतो. अशा घरातली सून तलासरीत येऊन आमच्या पोरांना खेळवणार. का? मला कोणी सांगावं. मॅडम मुंबईत शिकलेल्या. त्यांच्या कामाला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. ज्या पोराच्या हाताचं, डोळ्याचं, कानाचं आपसात जमत नाही, बटण लागत नाही, पेन्सिल धरता येत नाही, गोंगाट सोसत नाही, त्याला खेळ करून करून ते जमवून द्यायचं. हे त्या शाळांना विकणार होत्या, कार्यक्रम म्हणून. झरीच्या पुढे आमचा पाडा आहे, तिथं एका संस्थेची शाळा आहे. पहिली शाळा त्यांना तीच मिळाली. आमच्या शाळेकडे खडूला पैसे नाहीत. पैसे कुठली तरी कंपनी देणार होती, आणि जितकी पोरं अडचणीची निघतील तितके देणार होती.

हे ऐकलं तेव्हाच मी मनात म्हटलं, झालं. आता पोरं अडचणीची निघणार.

मी संशयी माणूस आहे आणि त्याची मला लाज नाही. आमच्याकडे जो कोणी गोड बोलत आला त्यानं जाताना काहीतरी नेलं. माझ्या बायकोच्या, संगीताच्या माहेरी, सायवनला, शुक्रा नावाचा पोरगा होता. बोलायला उशीर, चालायला उशीर, पण आईच्या मागे मागे सगळीकडे फिरायचा. एक शिबिर झालं. त्याच्या दंडाला टेप लावली, फोटो काढला, आणि आईचा अंगठा घेऊन त्याला लांब शहरातल्या वसतिगृहात नेलं. खास मुलांची शाळा म्हणे. दिवाळीला आणला तेव्हा तो आईकडे जाईना. भिंतीला पाठ लावून बसला आणि कोणी जवळ आलं की डोक्यावर हात धरायचा. तिथं काय झालं ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

आणि माझ्या घरात हिरी आहे.

हिरी माझी पोरगी, तिसरीत. शाळेची घंटा वाजली की कान दाबून मनगटाला चावते. नवा फ्रॉक घातला तर शिवण टोचते म्हणून फाडून काढते. घास हातात धरवत नाही तिला, ओलं चिकट लागलं की किंचाळते, म्हणून संगीता अजून भरवते. हेडमास्तर मला दोनदा बोलला होता, "सुदाम, हिला खास शाळेत टाक. इथं बाकीच्यांचा निकाल बिघडतो." निकाल म्हणे. तुझा निकाल कधी चांगला होता?

म्हणून मी ठरवलं की या मॅडमच्या नजरेला हिरी पडू द्यायची नाही. गुरुवारी तिला घरी ठेवायचं, माझ्या आईजवळ. आणि गाडी मीच चालवायची. कुणावर नजर ठेवायची तर त्याच्या जवळ असलेलं बरं, इथं तर तेच माझ्या गाडीत बसणार होते.

पहिले गुरुवार तसे सरळ गेले. मॅडम पोरांना फळीवर तोल सांभाळायला लावायच्या, झोळीत बसवून गोल फिरवायच्या, दोरीच्या गाठी सोडायला द्यायच्या. पोरं खूश. मी खिडकीच्या गजाला धरून उभा असायचो. त्या कधी माझ्याकडे बघून म्हणायच्या, "सुदामभाऊ, आत या ना." मी म्हणायचो, "गाडीत सामान आहे, बघायला लागतं." गाडीत माझ्या पाण्याच्या बाटलीशिवाय काही नसायचं.

परतीच्या वाटेवर जतीनभाई मागे बसून कुरकुर करायचा. गुजरातीतून सुरू व्हायचा, मॅडम मराठीतून उत्तर द्यायच्या.

"मयूरी, तोल, गाठी, सगळं तर ही पोरं तुझ्या माझ्यापेक्षा चांगलं करतात. कंपनीला दाखवायचं काय?"

"जे आहे ते दाखवायचं."

"मग धंदा कशाला काढला? समाजसेवाच कर. बाबा तेच म्हणतात."

मॅडम खिडकीबाहेर बघत बसायच्या. मला त्यांची दया आली असं कुणी समजू नये. पैसेवाल्यांच्या घरातली भांडणं ऐकायला मला बरं वाटतं.

मग तो गुरुवार आला. लवकर पिकणारं हळवं भात नुकतंच कापणीला आलं होतं. कुठं कुठं कापून झालं होतं, खळी सारवून तयार होती. जतीनभाईनं सकाळी गाडीत एक गोणी टाकली.

"काय आहे?"

"भात. आमच्या शेतातलं, कालच झोडलेलं. परातीत ओतायचं, त्यात चिंचोके लपवायचे, पोरांनी हात घालून शोधायचे. हाताला खरखरीत लागलं पाहिजे म्हणून टरफलासकट आणलंय. माझी आयडिया."

मी गोणीचं तोंड उघडून बघितलं. नवं भात. हिरवट झाक, तो वास. मी गोणी परत बांधली आणि गाडी सुरू केली.

आता ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. आमच्यात नवं खाल्ल्याशिवाय नव्या दाण्याला पोरांनी हात लावायचा नाही. नवं खाणं म्हणजे नव्या पिकाचा पहिला भात शिजवून आधी कणसरीला आणि पूर्वजांना द्यायचा, मग माणसांनी खायचा. कणसरी आमची धान्याची देवी. दिवस पाड्याचा म्हातारा हाल्या ठरवतो. मोठी माणसं कापतात, झोडतात, कणगीत भरतात, ते काम आहे. पण पोराचा हात त्यात जायचा नाही, कारण पोराचा हात पुढे तोंडात जातो. आमच्याकडे बोलायला लागायच्या आधी पोराला हे कळतं. आणि त्या वर्षी हाल्यानं दिवस अजून धरला नव्हता.

मॅडमनी वर्गात पराती मांडल्या, भात ओतलं, चिंचोके लपवले, टाळी वाजवली.

"चला! कोण सगळ्यात जास्त चिंचोके काढतं बघू."

पोरांनी परातीकडे बघितलं आणि सगळ्यांचे हात पाठीमागे गेले.

"अरे, घाबरता काय? या. असा हात घालायचा, बघा." मॅडमनी कोपरापर्यंत हात घातला. "मज्जा येते. ये रे तू, ये."

ज्याला बोलावलं तो पोरगा दोन पावलं मागे सरला. एक पोरगी रडायला लागली. मॅडमनी तिचा हात हलक्यानं धरून परातीकडे नेला, तर तिनं मूठ वळली आणि अंग आखडून खाली बसली. हेडमास्तर दारातून ओरडला, "ए, मॅडम सांगतात ते करा, नाहीतर खिचडी मिळणार नाही!" तरी एकाचाही हात पुढे आला नाही. हेडमास्तर खालच्या गावचा, बदलून आलेला. त्याला आमच्यातलं काय कळणार.

मी गजाला धरून उभा होतो आणि मला आतून हसू फुटत होतं. होऊ दे. फजिती होऊ दे. पुन्हा येणार नाहीत.

तेवढ्यात माझ्या बाजूनं कोणीतरी आत पळालं.

हिरी. माझी आई त्या दिवशी कापणीला गेली होती आणि जाताना पोरीला शेजारच्या पोरांबरोबर शाळेला धाडून दिलं होतं. मला कोणी सांगितलंच नव्हतं. हिरी वर्गात शिरली, सरळ परातीपाशी बसली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भातात घातले. पोरांमधून "हा!" असा आवाज निघाला. ती ढिम्म. डोळे अर्धे मिटले. खांदे, जे कायम कानापर्यंत चढलेले असतात, ते खाली आले. हात आत तसेच ठेवून ती बसली. मधल्या सुट्टीची घंटा झाली. मला वाटलं, आता ही चावणार. हिरीनं फक्त मान वाकडी केली. हात भातातून काढले नाहीत.

"ही कोणाची?" मॅडमनी विचारलं.

"सुदामची," हेडमास्तर म्हणाला.

मॅडमनी खिडकीकडे बघितलं. "सुदामभाऊ, तुमची मुलगी इथे आहे? कधी बोलला नाहीत."

"बोलण्यासारखं काय आहे त्यात?"

"छान आहे हो. सगळ्यांमध्ये हिलाच काही अडचण नाही."

परत येताना जतीनभाई खूश होता, ड्रायव्हिंग सीटच्या पाठीवर बोटांनी ठेका धरून. "बघितलंस? एक सोडून सगळी! स्पर्शच सहन होत नाही. माझ्या भातानं काम केलं की नाही? हेडमास्तरशी बोललोय मी. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेगळा वर्ग काढू. रोजचा. त्यालाही पाहिजे आहे, कच्ची पोरं परीक्षेतून बाजूला होतील."

"पण जतीन, तीच मुलं मातीत लोळतात. चिखलात हात घालतात. मग भातालाच का?" मग मॅडम पुढे वाकून म्हणाल्या, "सुदामभाऊ, ही मुलं घरी भाताला हात लावतात ना?"

आरशात त्यांचे डोळे माझ्यावर होते. सांगायला एक वाक्य लागलं असतं.

"मला काय माहीत, मॅडम. मी ड्रायव्हर."

हायवेला लागेपर्यंत मी हिशेब करत होतो. माझी पोरगी सुटली. मॅडमच्या तोंडून निघालं की तिला काही अडचण नाही. आता हेडमास्तर तिला काढू शकत नाही. बाकीची पोरं शेडमध्ये बसली तर बसली, मी बसवली नाहीत. हे असं मी ठरवलं आणि त्यावर मला समाधान वाटलं. खोटं का बोलू?

संध्याकाळी घरी आलो तर संगीता चुलीपुढे बसलेली, समोर हिरी. हिरीच्या ताटात भात होता, रेशनचा जुना. आणि ती स्वतःच्या हातानं खात होती. निम्मा सांडत होती, पण खात होती.

"बघ," संगीता म्हणाली. दबक्या आवाजात म्हणाली, जसं काही पाखरू उडून जाईल. "शाळेतून आल्यापासून ओरडली नाय ती. मी भरवायला गेले तर माझा हात बाजूला केला तिनं."

मी खाली बसलो.

"पोरं सांगत होती," ती म्हणाली. "तिनं नव्यात हात घातला. हाल्याबा चिडलाय. त्याचं मी बघेन, एक कोंबडं द्यायला लागंल. पण तू त्या बाईला सांग."

"काय सांगू?"

"हिरीला काय होतं ते. घंटेचं, चावण्याचं. ती बाई हेच काम करते ना?"

"ती म्हणाली हिरी चांगली आहे. चांगली म्हणाली ना? मग झालं. तोंड उघडलं की नाव लागतं आणि नाव लागलं की नेतात. तुझ्या सायवनचाच शुक्रा विसरलीस?"

"मी विसरंन?" तिनं चुलीतलं लाकूड ओढून बाहेर टाकलं. "त्याच्या आईला रोज रडताना मी बघितलंय, तू नाय. पण शुक्राला नेलं तेव्हा त्याच्याबरोबर कोण गेलं होतं? कोणी नाय. तुझी तर गाडी आहे. आणि त्या बाकीच्या पोरांचं काय? त्यांना वेडी ठरवून पत्र्यात कोंबणार, मास्तरच सांगत होता, आणि ती हात का लावत नाहीत ते तुला माहीत आहे. गप्प बसायला किती मिळालं तुला?"

"कोणी दिलं नाही काही."

"मग फुकटात गप्प बसलास. ते आणखी वाईट."

माझ्या बायकोला शाळा नाही, पण ती असं बोलते की माणसाला घरातून उठून जावंसं वाटतं. मी उठून गेलोही.

पुढच्या गुरुवारी पालकसभा होती. एरवी सभेला चार बायका यायच्या, त्या दिवशी अख्खा पाडा आला, कारण पोरांनी घरोघरी सांगितलं होतं. जतीनभाईनं बिस्किटांचे पुडे वाटले. हाल्याबानं पुडा घेतला आणि न उघडता मांडीखाली ठेवला.

"जमीन मोजायला आले होते तेव्हाही आधी खाऊ वाटला होता," तो मोठ्यानं म्हणाला. "बोला, आता काय मोजताय?"

मॅडम उभ्या राहिल्या. चेहरा थकलेला. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं की काही मुलांना स्पर्शाची भीती आहे, त्यात कमीपणा नाही, रोज सराव केला तर सुधारेल. जतीनभाई मध्येच म्हणाला, "त्यासाठी मागच्या शेडमध्ये वेगळा वर्ग होईल. एकदम फ्री." हेडमास्तरनं मान हलवली.

"कोणाकोणाची पोरं?" एका बाईनं विचारलं.

"जवळजवळ सगळीच," हेडमास्तर म्हणाला. "सुदामची सोडून."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. त्या नजरा मला ओळखीच्या होत्या. अशाच नजरेनं मी आयुष्यभर दुसऱ्यांकडे बघत आलो आहे. यांच्या गाडीत बसून येतो, आणि नेमकी याचीच पोरगी सुटते. त्यांच्या जागी मी असतो तर एव्हाना दगड शोधला असता.

संगीता बायकांत बसली होती, हिरी मांडीवर. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"पोरांना काही झालेलं नाही," मी म्हणालो. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "मॅडम, तुम्ही आणलं ते नवं भात होतं. आमचं नवं अजून खाल्लेलं नाही. पोरं त्याला हात लावत नाहीत, लावायचा नसतो. हे इथं दूधपितं पोर सांगेल. तुमच्या परातीत हात घातला नाही तीच सगळी शहाणी."

मग हाल्याबा खो खो हसायला लागला. "म्हणजे कणसरीचा मान ठेवला म्हणून आमची पोरं आजारी?"

हसणं पसरलं. ते चांगलं हसणं नव्हतं. मॅडमचा चेहरा लाल झाला, पण त्या बसल्या नाहीत.

"सुदामभाऊ, मी तुम्हाला गाडीत विचारलं होतं."

"विचारलं होतं."

"मग?"

"सांगितलं नाही."

"हरामखोर," जतीनभाई म्हणाला. "आपलंच गाडीभाडं खाऊन आपलाच धंदा बुडवतो. गोणी उघडलीस तेव्हाच तुला माहीत होतं!"

"जतीन, गप्प बस," मॅडम म्हणाल्या. "का नाही सांगितलंत?"

मी संगीताकडे बघितलं. आता तिनं मान वर केली होती.

"कारण जिनं हात घातला तिलाच अडचण आहे," मी म्हणालो. "माझी पोरगी. घंटा वाजली की स्वतःला चावते. कपडा अंगावर ठेवत नाही. हातानं जेवत नव्हती. गुरुवारी मी तिला तुमच्यापासून लपवून ठेवायचो. तुम्ही न्याल म्हणून."

"कुठे नेईन मी?"

"ते मला काय माहीत? ज्यांनी आधी नेली त्यांनी तरी कुठं सांगितलं?"

हेडमास्तरनं घसा साफ केला. "मी तर कधीपासून म्हणतोय, हिला खास शाळेत..."

"तुम्ही खाली बसा, सर," मॅडम म्हणाल्या. त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "ती याच शाळेची आहे. कुठेही जाणार नाही."

सभा तिथंच मोडली. लोक बिस्किटं घेऊन गेले, ती कोणी परत केली नाहीत. हाल्याबानंही आपला पुडा मांडीखालून काढून नातवाला दिला. शेडचा वर्ग रद्द झाला. आणि परतीच्या गाडीत जतीनभाईनं, माझ्याशी नाही, खिडकीशी बोलावं तसं सांगितलं की एका पोरीसाठी कोणती कंपनी पैसे देत नसते. झरीचा कार्यक्रम बंद. गुरुवारची गाडीही बंद.

डहाणू आलं. मॅडम उतरताना दारात थांबल्या.

"सुदामभाऊ, शाळेत मला आता येता येणार नाही. खोटं सांगत नाही, परवडणार नाही. पण वाडीतल्या गोडाऊनमध्ये माझी खोली आहे. तिथं हिरीला आणलंत तर मी बघीन."

"तुम्हाला काय मिळणार त्यातून?"

"एक तरी खरं काम," त्या म्हणाल्या. मग जरा रागानं, "आणि फी पण घेईन. जमेल तेवढी. फुकट म्हटलं तर तुम्ही येणार नाही, हे कळलंय मला."

ते मात्र बरोबर होतं.

ज्या पोरीला कोणी पाड्याबाहेर नेऊ नये म्हणून मी एवढं सगळं केलं, तिला मीच गाडीत घालून डहाणूला घेऊन गेलो. संगीता शेजारी. वाटेत हिरीनं खिडकीच्या काचेला कपाळ लावून ठेवलं होतं, काचेची थरथर तिला आवडते. खोली चिकूच्या गोडाऊनच्या मागच्या बाजूला, अर्धी खोकी, अर्धी झोळी-बॉल. मी सगळं बघून घेतलं. दुसरं दार नाही. खिडकीला गज. कॅमेरा दिसला नाही. जतीनभाई बाहेर माल भरत होता, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, मीही नाही. मॅडमना मी आधीच सांगितलं, फोटो नाही, अंगठा नाही, आणि दार उघडं राहील.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

परातीत या वेळी नदीतली वाळू होती. हिरी तिच्याजवळ बसली, एक बोट घातलं, मग दुसरं. बाहेर टेम्पो सुरू झाला. हमालांनी खोकी आपटायला सुरुवात केली, कोणीतरी शिट्टी मारली, टेम्पोनं रिव्हर्सचा तो कर्कश आवाज काढला. हिरीनं हात वाळूतून उपसले, कान दाबले, आणि तोंड मनगटाकडे गेलं.

मॅडमनी तिला हात लावला नाही. फक्त माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. संगीतानं मात्र मला हाक मारली, "अरे!"

मी उठलो. बाहेर ऊन होतं, माझी इको दिसत होती, वाट दिसत होती. मी दार ओढून घेतलं, कडी घातली, आणि आतल्या बाजूनं त्याला पाठ लावून खाली बसलो. आवाज कमी झाला. जरा वेळानं हिरीनं एक कान सोडला.